ब्रू विस्थापितांची 23 वर्षे
मोठ्या माणसाला दिवसाला 600 ग्रॅम तांदूळ आणि 5 रुपये, लहान मुलाला याच्या निम्मे. साबण आणि चपला वर्षातून एकदा, मच्छरदाणी तीन वर्षांतून एकदा. उत्तर त्रिपुरातल्या ब्रू छावण्यांमध्ये शेवटच्या काही वर्षांत माणशी एवढाच शिधा मिळे. डाळ, तेल, भाजी त्या पाच रुपयांत भागवायची. नाहीच भागलं तर तांदळातलाच थोडा विकायचा.

ब्रू, म्हणजे त्रिपुरात ज्यांना रियांग म्हणतात ती आदिवासी जमात, पश्चिम मिझोरममध्ये झूम शेती, म्हणजे डोंगरावरचं जंगल तोडून-जाळून केलेली फिरती शेती, करत असे. नव्वदच्या दशकात त्यांनी स्वायत्त जिल्हा परिषद मागितली. त्याच सुमारास काही मिझो संघटनांनी त्यांची नावं मतदार यादीतून काढायची मागणी लावून धरली. ऑक्टोबर 1997 मध्ये डाम्पा अभयारण्यात एका मिझो वनरक्षकाची हत्या झाली आणि ठपका ब्रू बंडखोरांवर आला. मग ब्रूंची गावं पेटली. तीस हजारांहून अधिक माणसं उत्तर त्रिपुरातल्या कांचनपूरकडे पळाली.

त्यांनी देशाची नव्हे, राज्याची हद्द ओलांडली होती. म्हणून ती निर्वासित ठरली नाहीत, आपल्याच देशात विस्थापित झाली.

अशा माणसांपुढे तीन वाटा असतात: आपल्या गावी परतणं, आहे तिथेच रुजणं किंवा तिसरीकडे वसणं. सरकारं वीस वर्षांहून जास्त काळ पहिलीच वाट धरून बसली. 2009 मध्ये परतीची तयारी झाली, तोच एका मिझो तरुणाची हत्या झाली, पुन्हा ब्रूंची घरं जळली आणि आणखी माणसं त्रिपुरात आली. 2010 नंतर टप्प्याटप्प्याने सुमारे पाच हजार जण परतले. बाकीचे म्हणत होते, आम्हाला विखरून ठेवू नका, एकत्र वसवा, जमीन द्या, संरक्षण द्या. ज्यांनी दोनदा घर जळताना पाहिलं, त्यांच्या या मागणीला हटवादीपणा म्हणणं मला अन्यायाचं वाटतं.

2018 च्या परतीच्या करारानंतरही मोजकीच कुटुंबं गेली. ऑक्टोबर 2019 मध्ये छावण्यांचा शिधाच बंद केला गेला. भुकेने माणसं हुसकावण्याचा हा प्रकार या सगळ्या इतिहासातला सर्वांत लाजिरवाणा. लोक रस्त्यावर बसले, तेव्हा कुठे तांदूळ पुन्हा सुरू झाला.

अखेर 16 जानेवारी 2020 रोजी केंद्र, त्रिपुरा, मिझोरम आणि ब्रू प्रतिनिधींनी दिल्लीत नव्या करारावर सह्या केल्या आणि त्रिपुरातच राहण्याचा हक्क मान्य झाला. सुमारे 34 हजार लोकांसाठी 600 कोटी रुपये ठरले: प्रत्येक कुटुंबाला 40 बाय 30 फुटांचा भूखंड, घरासाठी दीड लाख, चार लाखांची मुदत ठेव, आणि दोन वर्षं महिना 5 हजार व मोफत शिधा. कांचनपूर भागातल्या काही स्थानिकांना ही वस्ती नको होती. नोव्हेंबर 2020 च्या आंदोलनात दोन जीव गेले.

पुढे वसाहती उभ्या राहिल्या. त्या भूखंडावर घर होतं, परसात चार वेल लावता येतात. पण झूम शेतीवर जगलेल्या माणसांनी दोन वर्षांनंतर पोट कशावर भरायचं, त्यासाठी शेतजमीन त्यात नव्हती.