ग्दान्स्कचं मुख्य शहर : दर्शनी भिंती आणि त्यांच्या मागची घरं

पोलंडच्या बाल्टिक किनाऱ्यावरच्या ग्दान्स्कमध्ये, ‘मुख्य शहर’ म्हणवणाऱ्या मध्यवर्ती भागात घर भाड्यानं घेतलं की पहिला घोळ दारापाशीच होतो. पत्त्यावरचा क्रमांक रस्त्याकडच्या कोरीव दारावर दिसतो, पण जिना शेजारच्या घरात निघतो, नाहीतर मागच्या अंगणातून चढावा लागतो. दोन-तीन जुन्या व्यापारी घरांना मिळून एकच जिना ही सतराव्या शतकातली पद्धत नव्हे. १९५० च्या आसपास इथे कामगारांसाठी वसाहत बांधली गेली, तिची ही खूण.

हान्सा या उत्तर युरोपातल्या व्यापारी शहरांच्या संघातला व्यापार, पोलिश राजांच्या छत्राखालची भरभराट, १७९३ पासून प्रशिया या जर्मन राज्याचा अंमल आणि १९२० ते १९३९ मधलं, राष्ट्रसंघाच्या देखरेखीखालचं मुक्त शहर, हा झाला आधीचा इतिहास. आज दिसणाऱ्या ग्दान्स्कची गोष्ट मार्च १९४५ च्या आगीपासून सुरू होते. लढाईत आणि त्यानंतरच्या जाळपोळीत मध्यवर्ती भागातली बहुतेक घरं कोसळली. रहिवासी बहुसंख्य जर्मनभाषक होते. ते पळाले किंवा हाकलले गेले. युद्धानंतर शहर पोलंडकडे आलं आणि त्यांच्या जागी मध्य पोलंडमधून आणि सोव्हिएत संघाकडे गेलेल्या पूर्वेकडच्या मुलुखातून, विशेषतः विल्नो (आजचं विल्नियस) परिसरातून, माणसं आली. कोल्हापूरजवळ वळिवड्याच्या छावणीत १९४३ ते १९४८ या काळात राहिलेले पोलिश निर्वासितही मुख्यतः याच पूर्वेकडच्या पट्ट्यातले होते.

या राडारोड्याचं करायचं काय, यावर नव्या प्रशासनात तीव्र मतभेद होते. नव्यानं आखलेलं आधुनिक शहर हवं, असं एका गटाचं म्हणणं. जर्मनांचं गाव पोलिश पैशानं पुन्हा का उभं करायचं, असाही सवाल होता. जुन्या वास्तूंचं जतन करणारे मात्र रस्त्यांची मूळ आखणी आणि दर्शनी भाग सोडायला तयार नव्हते. शेवटी तोडगा निघाला तो घरटंचाईमुळे: मुख्य शहर जुन्या रूपात बांधायचं, पण आत कामगारांचे फ्लॅट करायचे. ही तडजोड आज कोणी फसवणूक म्हणतं, कोणी चमत्कार. घरांसाठीचा निधी मिळाला नसता, तर दर्शनी भिंतीही उभ्या राहिल्या नसत्या, हे टीकाकार सोयीनं विसरतात.

मग प्रश्न आला, जुनं रूप म्हणजे कोणत्या काळातलं? कल १७९३ पूर्वीच्या रूपाकडे गेला. प्रशियाच्या काळात चढवलेले जादा मजले आणि दुकानांच्या रुंद काचा बहुतेक ठिकाणी गाळल्या गेल्या. फ्लेमिश, डच, इटालियन वळणाच्या निमुळत्या त्रिकोणी माथ्यांना प्राधान्य मिळालं. जुनी चित्रं आणि युद्धापूर्वीची छायाचित्रं हाताशी होती. जिथे माहिती अपुरी होती, तिथे आराखडा सोपा करून घेतला. ढिगाऱ्यातून निघालेल्या दगडी चौकटी आणि ओट्यांचे कोरीव कठडे पुन्हा बसवले, काही वेळा मूळ जागेपासून दूर. त्यामुळे एखादी चौकट खरी सतराव्या शतकातली असते आणि तिच्या भोवतीची भिंत १९५३ ची.

आतला बदल याहून मोठा. मूळ घर अरुंद पण खोल असे: पुढे उंच दालन, मागे अंधारं अंगण, त्यापलीकडे आणखी एक इमारत. मागच्या या इमारती पुन्हा बांधल्याच नाहीत. मोकळ्या झालेल्या जागेत गवत, झाडं, बालवाड्या आल्या. उजेड-वारा वाढला आणि वस्तीची दाटी उतरली. जिने सामायिक करायचे म्हणून शेजारच्या घरांचे मजले एका पातळीवर आणले, लाकडी तुळयांऐवजी काँक्रीट घातलं. छोट्या खोल्या आणि लिफ्टविना चढायचे तीन-चार मजले हा त्याचाच वारसा. अवजड सामान असेल तर कोणत्या बाजूनं जिना आहे, हे आधीच विचारून ठेवावं.

घरापुढचे उंच ओटे पाहायचे तर मार्यात्स्का रस्त्यावर जावं. द्वूगा या मुख्य रस्त्यावर ते नाहीत, कारण वाहतुकीसाठी तिथले ओटे एकोणिसाव्या शतकातच काढले गेले. पुढे तिथून ट्रामही धावत होती आणि युद्धानंतरही काही वर्षं धावली. कारंज्यावरचा नेपच्यून या रोमन समुद्रदेवाचा पुतळा युद्धात लपवून ठेवला होता, म्हणून वाचला. तो १९५४ मध्ये परत बसला. नकाशात एक गोंधळ हमखास होतो: पर्यटक ज्याला जुनं शहर म्हणतात ते ग्वूव्ने म्यास्तो, म्हणजे मुख्य शहर. स्तारे म्यास्तो त्याच्या उत्तरेला, मोठ्या गिरणीकडे आहे, आणि तिथे हा पुनर्बांधणीचा नियम तितका कडक पाळला गेला नाही.

मोत्वावा नदीपलीकडचं धान्यकोठारांचं बेट या योजनेतून सुटलं आणि कित्येक दशकं पडक्या भिंतींसह तसंच राहिलं. त्याच्या उत्तर टोकाला हॉटेलं आणि महागडे फ्लॅट उभे राहिले ते गेल्या दहा-पंधरा वर्षांत. तिथे दर्शनी भाग हुबेहूब करण्याचा आग्रह नव्हता, फक्त जुन्या कोठारांची रुंदी आणि उतरत्या छपरांचा आकार सांभाळला. पादचारी पूल बोटींसाठी ठरावीक वेळांना उघडतात, त्यामुळे गाडी गाठायची असेल तर वेळापत्रक बघूनच त्या बाजूला मुक्काम करावा.

१९८९ नंतर पालिकेचे फ्लॅट मोठ्या सवलतीत भाडेकरूंना विकले गेले आणि आजच्या वादाची सुरुवात तिथूनच झाली. कामगारांसाठी बांधलेली घरं आता दिवसावारी पर्यटकांना दिली जातात. जुलैअखेर सुरू होणाऱ्या, १२६० पासूनची परंपरा सांगणाऱ्या सेंट डॉमिनिकच्या जत्रेत जवळपास तीन आठवडे रस्ते दुकानांनी भरतात, भाडी चढतात आणि सामायिक जिन्यात चाकांच्या बॅगा रात्रीही खडखडतात. भिंती पातळ, जिना एकच, म्हणून एका फ्लॅटचा त्रास तीन घरांना होतो. अल्पकालीन भाड्याच्या नोंदी आणि माहितीबाबतचा युरोपीय संघाचा २०२४ चा नियम मे २०२६ पासून लागू होतो. मात्र अशा घरांची संख्या किती असावी, हे त्या नियमात ठरवलेलं नाही.