बिस्किटाच्या नावामागचं गाव : श्रूजबरी

पुण्याच्या कॅम्पात कयानी बेकरीपुढे रांगेत उभं राहून घेतलेली श्रूजबेरी बिस्किटं मराठी घरांत इतकी रुळली आहेत की ते एखाद्या गावाचं नाव असेल, हे कुणाच्या मनातही येत नाही. गाव मात्र आहे. इंग्लंडच्या पश्चिम सीमेवर, वेल्सला खेटून असलेल्या श्रॉपशर परगण्याचं ते मुख्य ठाणं आणि जुनी बाजारपेठ. तिथे या खाऊला 'श्रूजबरी केक' म्हणतात. कॅसल स्ट्रीटवरची एक पाटी सांगते की पेलिन नावाच्या माणसाने १७६० साली याच जागी ते प्रथम बनवले. पण १७०० सालच्या एका इंग्रजी नाटकात 'श्रूजबरी केकसारखं खुसखुशीत' अशी उपमा येते, म्हणजे केक पाटीपेक्षा बराच जुना. गावाच्या नावाचा उच्चार 'श्रूजबरी' की 'श्रोजबरी', हा तिथल्या लोकांचा आवडता वाद आहे. आपण पहिला उच्चार धरू.

या गावात बघण्यासारखं पुष्कळ आहे, आणि पर्यटकांच्या माहितीपत्रकांत त्याची यादीही मिळते. यादीत कळत नाही ती गोष्ट अशी की यातली जवळजवळ एकही जागा 'बघण्यासाठी' बांधलेली नव्हती. प्रत्येक जागा कामाची होती. ते काम कुठलं, हे ठाऊक असलं की दगडविटा बोलू लागतात.

सुरुवात नदीपासून करायला हवी. सेव्हर्न नदी इथे घोड्याच्या नालासारखं वळण घेते आणि टेकडीला जवळजवळ पूर्ण वेढा घालते. जमिनीने जोडलेली एकच चिंचोळी पट्टी उरते. नेमक्या त्या पट्टीवर किल्ला आहे. १०६६ मध्ये नॉर्मनांनी इंग्लंड जिंकल्यावर रॉजर द माँटगमरी या सरदाराला हा सीमाभाग मिळाला. वेल्सच्या राजांवर नजर ठेवणं हे त्याचं काम. त्याने तांबड्या वालुकाश्माच्या या टेकडीवर गढी उभारली आणि १०८३ मध्ये नदीपलीकडे बेनेडिक्टाइन संन्याशांचा मठ स्थापन केला. सीमेवरची ही धास्ती दोनशे वर्षं टिकली. १२८३ च्या ऑक्टोबरात वेल्सचा शेवटचा स्वतंत्र राजपुत्र डेव्हिड याला याच गावात हालहाल करून मारण्यात आलं. त्यानंतर १४०३ मध्ये चौथ्या हेन्री राजाविरुद्ध पर्सी या सरदार घराण्याने बंड केलं, त्याची लढाई गावाच्या उत्तरेला झाली आणि तीत हजारो माणसं पडली. इंग्रज तिरंदाजांनी मोठ्या संख्येने एकमेकांवर बाण सोडल्याची ही पहिली लढाई. युवराजाच्या चेहऱ्यात खोल रुतलेला बाण जॉन ब्रॅडमोर या शल्यवैद्याने खास साधन बनवून काढला. पुढे हाच युवराज पाचवा हेन्री झाला. मृतांसाठी प्रार्थना व्हावी म्हणून बांधलेलं चर्च रणभूमीवर अजून उभं आहे, आणि त्या भागाचं नावच 'बॅटलफील्ड' आहे.

मठाची कहाणी वेगळी. आठव्या हेन्रीने देशभरचे मठ मोडीत काढले तेव्हा, १५४० मध्ये, हाही गेला. लोकांच्या उपासनेचा भाग तेवढा चर्च म्हणून वाचला. बाकी जे उरलं होतं त्यातून १८३६ मध्ये थॉमस टेलफर्ड या अभियंत्याच्या आराखड्याप्रमाणे लंडन-हॉलिहेड रस्ता गेला. रस्त्याच्या पलीकडे आज एक नक्षीदार दगडी सज्जा एकटाच उभा दिसतो. संन्यासी मुकाट्याने जेवत असताना एक जण याच सज्जात बसून धर्मग्रंथ वाचत असे. भोवतालची भोजनशाळा गेली, वाचणाऱ्याची जागा राहिली. मला विचाराल तर अख्ख्या गावात मठाविषयी इतकं सांगणारी दुसरी वस्तू नाही.

मात्र श्रूजबरीचं आजचं रूप घडवलं ते कापडाने. वेल्सच्या डोंगरांत मेंढ्या आणि हातमाग होते, लंडनमध्ये गिऱ्हाईक होतं आणि मध्ये हे गाव होतं. वेल्सच्या विणकरांचं जाडंभरडं लोकरी कापड इथले व्यापारी विकत घेत, गावातल्या कारागिरांकडून त्याची लव उभी करून कातरून घेत आणि घोड्यांवर लादून लंडनला पाठवत. या कापडव्यापाऱ्यांच्या संघाला १४६२ मध्ये राजाची सनद मिळाली. पुढच्या दीडशे वर्षांत त्यांनी जी घरं बांधली त्यांच्यासाठीच आज लोक कॅमेरे घेऊन येतात. काळ्या ओक लाकडाचा सांगाडा, मधल्या जागेत पांढरा गिलावा आणि खालच्यापेक्षा वरचा मजला थोडा पुढे काढलेला. १५७५ च्या सुमाराचा आयर्लंड्स मॅन्शन आणि १५९२ चा ओवेन्स मॅन्शन, दोन्ही लोकरीच्या पैशातून उभे राहिले. घर जितकं नक्षीचं तितकी व्यापाऱ्याची पत मोठी, असा तो सरळ हिशेब होता.

या साऱ्याचं केंद्र म्हणजे मुख्य चौकातला १५९६ चा जुना मार्केट हॉल. दगडी कमानींवर उभी असलेली ही फार मोठी नसलेली इमारत. खाली मोकळ्या जागेत शेतकरी धान्य विकत आणि वर कापडाचे सौदे चालत. आतल्या एका खांबापाशी थांबून नीट पाहिलं तर ओळीने छिद्रं दिसतात. त्यांत खुंट्या सरकवून मालाची मोजदाद ठेवत. लिहिता न येणाऱ्या माणसालाही आपला हिशेब डोळ्यांनी पाहता यायचा. कापडाचा धंदा सरल्यावर वरच्या मजल्यावर बराच काळ न्यायालय भरत होतं. २००४ पासून तिथे छोटं चित्रपटगृह आणि कॅफे आहे. चारशे वर्षांत इमारतीचं काम बदलत गेलं, म्हणूनच ती टिकली.

बाजार या एकाच इमारतीत मावणारा नव्हता. फिश स्ट्रीट, मिल्क स्ट्रीट, बुचर रो ही गल्ल्यांची नावं आपल्या तांबट आळी, बोहरी आळीसारखीच. कुठे काय मिळायचं ते नावातच आहे. दोन रस्त्यांना जोडणाऱ्या अरुंद बोळांना इथे 'शट' हा खास स्थानिक शब्द आहे. दोन्ही बाजूंची घरं वर जवळजवळ एकमेकांना टेकतात, आणि भर दुपारीही खाली सावली असते. वाट चुकावी तर अशा गावात. दहा मिनिटांत नदी लागतेच.

पुढे लोकरीचा धंदा ओसरला आणि मोठ्या कारखान्यांची भरभराट मिडलंड्स आणि लँकशरच्या शहरांत झाली. त्यामुळे जुनं पाडून नवं बांधावं इतका पैसा आणि इतकी निकड इथे आली नाही. लाकडी घरांचं वाचणं हे जपणुकीपेक्षा या मागे पडण्याचं फळ आहे, असं मला वाटतं. पण यंत्रयुगाला इथे काहीच जमलं नाही, असं म्हणणं चुकीचं ठरेल, कारण जगाच्या बांधकामाच्या इतिहासातलं एक मोठं पाऊल याच गावाने टाकलं.

त्या काळी जवसाच्या तंतूंपासून लिननचा धागा काढणाऱ्या गिरण्यांना आगीचं भय असे. लाकडी तुळया, लाकडी फरशा, हवेत तरंगणारा तंतूंचा भुगा आणि उजेडासाठी दिवे. १७९६ मध्ये लीड्सची अशी एक गिरणी जळाली. तिच्याशी संबंधित भागीदारांनी श्रूजबरीच्या उत्तरेला डिथरिंग्टन इथे नवी गिरणी काढायची ठरवली. तिचा आराखडा केला चार्ल्स बेज याने. हा दारूचा व्यापारी, पण मोजणी आणि गणित पक्कं. त्याने पाच मजली इमारतीतून लाकूडच हद्दपार केलं. बीडाचे खांब, बीडाच्या तुळया आणि त्यांवर विटांच्या कमानी. १७९७ मध्ये उभी राहिलेली ही लोखंडी सांगाड्याची जगातली पहिली इमारत. आजच्या प्रत्येक टॉवरची ती पूर्वज आहे. मुंबईत काळा घोड्याजवळ १८६० च्या दशकात वॉटसन हॉटेल बांधलं तेव्हा त्याचा बीडाचा सांगाडा इंग्लंडमध्ये ओतून जहाजाने आणला होता. त्या तंत्राची वाट इथून सुरू होते. या गिरणीत लहान मुलंही राबली, तेही विसरता येत नाही. त्यांच्यासाठी बांधलेलं वसतिगृह आवारातच आहे. नंतर १८९७ पासून इथे बार्लीला मोड आणून माल्ट बनू लागलं. १९८७ मध्ये तेही थांबलं आणि इमारत ओस पडली. मोठ्या दुरुस्तीनंतर २०२२ मध्ये ती लोकांसाठी उघडली.

या लोखंडामागचं गाव नदीच्या खालच्या अंगाला, सुमारे वीस किलोमीटरवर आहे. कोलब्रुकडेलला १७०९ मध्ये एब्राहम डार्बीने लाकडी कोळशाऐवजी कोक, म्हणजे दगडी कोळसा भाजून केलेलं इंधन, वापरून लोखंड गाळलं, आणि त्याच्या नातवाने १७७९ मध्ये सेव्हर्नवर जगातला पहिला मोठा लोखंडी पूल उभारला. सुतार लाकडाला करतात तसे साधे आणि डोव्हटेल सांधे कारागिरांनी लोखंडात काढले, कारण लोखंडाचे इतके मोठे भाग जोडायची रुळलेली रीत तेव्हा नव्हती. १९८६ पासून हा सारा परिसर जागतिक वारशाच्या यादीत आहे.

त्याहून जुनं काही पाहायचं तर पूर्वेला रॉक्सेटर आहे. रोमन काळातलं हे ब्रिटनमधलं चौथं मोठं शहर. आज शेतांच्या मध्ये स्नानगृहाच्या इमारतीची एक प्रचंड भिंत आणि पाये दिसतात. बाकीचे दगड गेले कुठे, याचं उत्तर जवळच्या चर्चमध्ये आहे. त्याच्या फाटकाचे खांब रोमन आहेत, आणि बाप्तिस्म्याचं पात्रही एका रोमन खांबाच्या बैठकीतून कोरलेलं आहे.

गावाचा सर्वांत प्रसिद्ध मुलगा चार्ल्स डार्विन. तो १२ फेब्रुवारी १८०९ रोजी इथे 'द माउंट' नावाच्या घरात जन्मला आणि १८१८ ते १८२५ इथल्या शाळेत शिकला. शाळा १५५२ ची. ती १८८२ मध्ये नदीपलीकडे गेली आणि जुन्या इमारतीत वाचनालय आलं. दारात डार्विनचा पुतळा बसलेला आहे, तो १८९७ चा. त्याआधी तीन वर्षं, १८९४ मध्ये, वादळात सेंट मेरी चर्चच्या उंच शिखराचा वरचा भाग कोसळला होता. डार्विनचं स्मारक करायला निघाल्याबद्दल देवाचा हा कोप आहे, असं तिथल्या धर्मगुरूने सांगितलं. तरीही लोकांनी पुतळा उभारलाच.

आणि आता चौकातला दुसरा पुतळा. जुन्या मार्केट हॉलसमोरच उभा असलेला रॉबर्ट क्लाइव्ह. आपल्यापैकी बहुतेकांनी त्याला प्लासीपुरतं शाळेत वाचलं आहे. पण प्लासीच्या आदल्याच वर्षी तो कोकणात होता. फेब्रुवारी १७५६ मध्ये ॲडमिरल वॉटसनचं आरमार विजयदुर्गावर चालून गेलं. इंग्रज त्याला घेरिया म्हणत. जमिनीवरच्या फौजेचा प्रमुख होता क्लाइव्ह. ही मोहीम नानासाहेब पेशव्यांशी केलेल्या करारातून तुळाजी आंग्र्यांविरुद्ध निघाली होती. तोफांच्या माऱ्यात लागलेली आग गलबतामागून गलबत पसरत गेली आणि आंग्र्यांचं आरमार बंदरात जळून खाक झालं. पेशव्यांचं सैन्य जवळ असूनही क्लाइव्हने आपली फौज त्यांच्या आणि किल्ल्याच्या मध्ये आणून ठेवली. किल्ल्यातली लूट इंग्रजांनी आपसांत वाटून घेतली. कान्होजींनी उभं केलेलं दर्यावरचं बळ मराठ्यांनी इंग्रजांच्या हातून बुडवून घेतलं, ही सल मराठी इतिहास वाचणाऱ्याच्या मनातून जात नाही. कोकणातून निघालेला क्लाइव्ह पुढे बंगालात गेला.

हिंदुस्थानातून आणलेल्या अफाट संपत्तीवर त्याने आपल्या परगण्यात जमिनी घेतल्या आणि वजन मिळवलं. १७६१ पासून मरेपर्यंत तो श्रूजबरीचा खासदार होता आणि १७६२ मध्ये महापौर. पुतळा मात्र त्या काळचा नाही. तो १८६० मध्ये बसवला, म्हणजे मृत्यूनंतर पंच्याऐंशी वर्षांनी आणि १८५७ च्या उठावानंतर लगेच. साम्राज्याला आपल्या मूळपुरुषाची तेव्हा गरज भासली, असाच त्याचा अर्थ मी लावतो. २०२० मध्ये तो हटवावा म्हणून हजारो लोकांनी सह्या केल्या. परगण्याच्या कौन्सिलने पुतळा ठेवायचं ठरवलं. श्रूजबरीहून पश्चिमेला, वेल्सच्या हद्दीतल्या पॉविस कॅसलमध्ये क्लाइव्ह घराण्याचा हिंदुस्थानी खजिना मांडलेला आहे. रॉबर्टचा मुलगा एडवर्ड मद्रासचा गव्हर्नर होता. टिपूच्या सिंहासनावरचं रत्नजडित वाघाचं मुंडकं तिथे काचेआड आहे.

क्लाइव्हचं जन्मगाव याच परगण्यात उत्तरेला, मार्केट ड्रेटनजवळ. हीसुद्धा जुनी पेठ. बुधवारचा बाजार आणि आल्याची जिंजरब्रेड यांसाठी ओळखली जाणारी. लहानपणी तो तिथल्या चर्चच्या मनोऱ्यावर चढून दगडी राक्षसमुखावर बसला होता, असं गावकरी सांगतात. १७७४ च्या नोव्हेंबरात लंडनच्या घरी त्याचा मृत्यू झाला आणि त्याला मोरटन से या खेड्यातल्या चर्चमध्ये पुरलं. कबरीवर खूण नव्हती. नेमकी जागा आज कुणी दाखवू शकत नाही. भिंतीवर फक्त एक छोटा पत्रा आहे, त्यावर नाव आहे आणि खाली तीन लॅटिन शब्द : प्रायमस इन इंडिस, हिंदुस्थानात पहिला.