अर्ध्या कीर्तनाची तबकडी

माझ्याकडची एक सीडी कुठल्याच प्लेअरवर वाजत नाही. आत घातली की थोडा फिरल्याचा आवाज येतो आणि पडद्यावर ‘नो डिस्क’ उमटतं. तिच्यावर ओरखडा नाही, डाग नाही. ती खराब झालेलीच नाही, फक्त तिचं शेवटचं एक काम राहून गेलंय.

२००६ साली सातारा जिल्ह्यातल्या आमच्या घरी मी एक सेकंडहँड सीडी रेकॉर्डर आणला. संगणकातला रायटर नव्हे. टेपडेकसारखा दिसणारा, अ‍ॅम्प्लिफायरच्या शेजारी ठेवायचा डबा. मागे लाल-पांढऱ्या पिना, पुढे रेकॉर्डचं बटण आणि आवाजाबरोबर वरखाली होणाऱ्या लेव्हलच्या पट्ट्या. असे घरगुती रेकॉर्डर नव्वदच्या दशकाच्या उत्तरार्धात फिलिप्स, पायोनियर अशा कंपन्यांनी बाजारात आणले. आजोबांनी देवळातली कीर्तनं कॅसेटवर भरून ठेवली होती, ती सीडीवर घ्यायची एवढाच माझा बेत होता. कॅसेट लावायची, बटण दाबायचं, ४५ मिनिटं बसायचं. यात घाई चालत नाही. जेवढा वेळ ऐकायला, तेवढाच भरायला.

दुकानातून विकत घेतलेल्या गाण्यांच्या सीडीत साच्यातून उठवलेले सूक्ष्म खळगे असतात. सगळ्यात छोटा एका मायक्रोमीटरहूनही कमी लांबीचा, सगळ्यात मोठा तीनच्या आसपास. लेझरचा ठिपका सपाट भागावर पडला की बराचसा प्रकाश परततो; खळग्यावर पडला की परतणाऱ्या लाटा एकमेकींना मारक ठरतात आणि उजेड मंदावतो. प्लेअरला कळतं ते एवढंच: लख्ख, मंद, लख्ख, मंद. कुठल्या क्षणी बदल झाला आणि दोन बदलांत किती वेळ गेला, यावरून तो आकडे जुळवतो.

घरी बसून प्लॅस्टिकमध्ये असे खळगे पाडणं शक्य नाही. म्हणून कोऱ्या सीडीत प्लॅस्टिक आणि चकाकणारा धातू यांच्यामध्ये सेंद्रिय रंगाचा एक पातळ थर दिलेला असतो. तिची खालची बाजू हिरवट, निळसर किंवा सोनेरी दिसते ती त्यामुळेच. वाचताना लेझरची ताकद एक मिलिवॉटच्या आत असते. लिहिताना ती कित्येक पटींनी वाढते. त्या ठिपक्याखाली रंग क्षणभर इतका तापतो की त्याची घडणच मोडते, आणि तेवढ्या जागेतून प्रकाश नीट परतत नाही. खळगा पडलेला नसतो, प्लेअरला मात्र तसाच मंद उजेड दिसतो. ‘सीडी बर्न करणे’ हा शब्द मला पूर्वी उगाच भारदस्त वाटायचा. पण इथे खरंच काहीतरी भाजतं, आणि एकदा भाजलेलं परत कच्चं होत नाही. चुकून शेजारच्या कुकरची शिट्टी भरली गेली, तर ती कायमची.

कोरी तबकडीही तशी पूर्ण कोरी नसते. आतून बाहेर जाणारी एक सर्पिल चर तिच्यात कारखान्यातच घातलेली असते. दोन वेढ्यांमधलं अंतर १.६ मायक्रोमीटर, आणि सगळी चर उलगडली तर भरते पाच किलोमीटरहून जास्त. ही चर किंचित नागमोडी असते. त्या नागमोडीत वेळ नोंदलेली असते: इथे तिसरं मिनिट, इथे चौथं. लिहायला लेझर किती ताकदीचा लागेल याची शिफारस असते, आणि तबकडी कुठल्या जातीची आहे तेही असतं.

या जातीनेच मला पहिल्या दिवशी अडवलं. दुकानातून आणलेली साधी ब्लँक सीडी यंत्राने सरळ नाकारली. घरगुती रेकॉर्डरना ‘डिजिटल ऑडिओ’ असा छाप असलेलीच तबकडी चालते, हे मला माहीत नव्हतं. रसायनात काही फरक नाही, फरक त्या चरीतल्या खुणेत. अमेरिकेत १९९२ साली झालेल्या कायद्याने अशा यंत्रांच्या आणि कोऱ्या तबकड्यांच्या किमतीतला काही हिस्सा संगीतक्षेत्राकडे वळवला, आणि डिजिटल प्रतीवरून पुन्हा डिजिटल प्रत काढायला यंत्रातच अटकाव घालायला लावला. त्या कायद्यापायी साताऱ्यात बसून मला दोन दुकानं जास्त फिरावी लागली. आमच्या बुवांच्या कीर्तनावर कुणाचा हक्क असलाच तर तो विठोबाचा, पण खुणेला ते कसं कळणार!

लेव्हलचा धडाही लगेच मिळाला. यंत्र दोन्ही वाहिन्यांचा आवाज सेकंदाला ४४,१०० वेळा मोजतं आणि प्रत्येक वेळी १६ बिटांचा एक आकडा लिहितं. त्यात ३२,७६७ च्या वर आकडाच नाही. कॅसेटवर आवाज जरा जास्त झाला तर फीत सांभाळून घेते, थोडी दाबते. इथे गजर टिपेला पोचला आणि झांज वाजली की आवाजाची टोकं कापली जातात आणि कानाला चर्र असं लागतं. मी आधी अख्खी कॅसेट ऐकायचो, सगळ्यात मोठा गजर शोधायचो, त्यावर लेव्हल बांधायचो आणि मगच भरायला बसायचो.

खरी गंमत ट्रॅकची. आवाज दोन-तीन सेकंद ठरावीक पातळीच्या खाली गेला की यंत्र समजतं, गाणं संपलं; पुढचा ट्रॅक सुरू. पहिल्या कॅसेटला एकही ट्रॅक पडला नाही. बुवा थांबले तरी फितीची स्स्स थांबत नव्हती, आणि यंत्राच्या दृष्टीने तो आवाजच होता. मग मी पातळी वर सरकवली. आता बुवांची पंचाईत झाली. अभंगाचा चरण म्हणायचा, श्रोत्यांकडे बघायचं, आणि थांबायचं. त्या थांबण्यातच सगळं कीर्तन असतं. यंत्राने तिथे बरोबर ट्रॅक तोडला. प्रश्न चौदाव्या ट्रॅकमध्ये, उत्तर पंधराव्यात. एका सीडीवर जास्तीत जास्त ९९ ट्रॅक बसतात. बुवा आणखी रंगात आले असते तर तेही पुरले नसते. शेवटी ते ऑटो ट्रॅक बंद केलं आणि बटणावर बोट ठेवून बसलो.

आता त्या राहून गेलेल्या कामाबद्दल. कार्यक्रम सुरू होतो केंद्रापासून २५ मिलिमीटरवर. त्याच्या आतल्या कड्यात प्लेअर अनुक्रमणिका शोधतो: किती ट्रॅक, कुठून कुठे. रेकॉर्डरला ती आधी लिहिता येत नाही, कारण तुम्ही अजून किती भरणार ते त्याला ठाऊक नसतं. तोपर्यंत तो त्याच्याही आत, आपल्यापुरत्या एका कोपऱ्यात कच्ची वही ठेवतो. ती वही साध्या प्लेअरला दिसत नाही. तुम्ही ‘फायनलाइज’ दाबलं की त्या वहीवरून पक्की अनुक्रमणिका लिहिली जाते. त्याला काही मिनिटं लागतात, आणि त्यानंतर तबकडीवर आणखी काही भरता येत नाही.

ते भारनियमनाचे दिवस होते. एकदा भरता भरता वीज गेली, आणि ती तबकडी यंत्राने पुन्हा ओळखलीच नाही. तेव्हापासून पेपरातलं वेळापत्रक बघूनच मी बटणाला हात लावायचो. या कीर्तनाचा पूर्वरंग असाच वेळ साधून भरला. उत्तररंग दुसऱ्या कॅसेटवर होता. ७४ मिनिटांच्या तबकडीत दोन्ही बसणार होते, म्हणून फायनलाइज केलं नाही. दुसऱ्या कॅसेटला बुरशी होती. ती साफ करेपर्यंत पावसाळा गेला, आणि दिवाळीत रेकॉर्डरचा लेझर बसला. दुरुस्तीवाल्याने सुटा भाग मिळत नाही म्हणून हात वर केले.

परवा ती तबकडी खिडकीपाशी तिरकी धरली. लिहिलेला भाग कोऱ्यापेक्षा वेगळ्या छटेचा दिसतो, त्याची कड स्वच्छ गोल असते. पट्टीने मोजलं: केंद्रापासून ४५ मिलिमीटर. चर लेझरखालून कायम एकाच वेगाने सरकते, म्हणून वेळ क्षेत्रफळाच्या प्रमाणात असतो. ४५ चा वर्ग २०२५, त्यातून २५ चा वर्ग ६२५ वजा केला की १४००. पूर्ण भरलेली तबकडी जाते ५८ मिलिमीटरपर्यंत, म्हणजे ३३६४ वजा ६२५, २७३९. गुणोत्तर अर्ध्याहून थोडं जास्त. ७४ मिनिटांचे झाले जवळपास ३८. कव्हरवर माझ्याच अक्षरात लिहिलंय, ‘पूर्वरंग, ३८ मि.’

सीडी रायटर असलेला संगणक बहुतेक वेळा ती कच्ची वही वाचतो आणि राहिलेलं फायनलाइजही करून देतो. माझ्या लॅपटॉपला ड्राइव्हच नाही. एका मित्राच्या माळ्यावर जुना डेस्कटॉप पडलाय, रविवारी तिकडे जाणार आहे.