महापुरानंतरचा वर्ग

जुलै-ऑगस्टमध्ये सांगलीत कुणीही भेटलं की पहिला प्रश्न ठरलेला: ‘आयर्विनला पाणी किती?’ आयर्विन म्हणजे इथला कृष्णेवरचा पूल. तिथे 40 फूट म्हणजे इशारा, 45 म्हणजे धोका, हे इथल्या शाळकरी पोरांनाही पाठ असतं. 2019 च्या ऑगस्टमध्ये पाणी 57 फुटांवर गेलं. त्याच आठवड्यात पलूस तालुक्यात ब्रह्मनाळला बोट उलटली आणि घर सोडून निघालेली माणसं बुडाली. 2021 च्या जुलैत पुन्हा महापूर आला. तिकडे साताऱ्याच्या पाटण तालुक्यात आंबेघर, मिरगावच्या वस्तीवर दरड कोसळली. 2019 साली सातवी ते नववीत असलेली मुलं आता सांगली-साताऱ्याच्या कॉलेजांत पदवीच्या वर्गात पोहोचली आहेत.

त्यातल्या बहुतेकांचं बरं चाललंय, हे आधी सांगायला हवं. भयंकर प्रसंगातून गेलेली बहुसंख्य माणसं काही आठवड्यांत, काही महिन्यांत आपली आपण सावरतात. थोड्यांना ते जमत नाही. आणि आघात काही फक्त पुराचाच नसतो. घरातली मारहाण, वडिलांची आत्महत्या, हायवेवरचा अपघात, रॅगिंग, काहीही असू शकतं. अशी मुलं वर्गात रडत बसत नाहीत. ती उशिरा येतात, दाराजवळचा बाक धरतात, जर्नल अपुरं ठेवतात, प्रश्न विचारला की गप्प होतात. स्टाफरूममध्ये त्यावर एकच शेरा मारला जातो: ‘लक्षच नाही हो अभ्यासात.’

लक्ष असतं, फक्त फळ्यावर नसतं. मेंदूत खोलवर अमिग्डाला नावाचा बदामाच्या आकाराचा भाग असतो. धोका हेरणं हे त्याचं मुख्य काम. ज्या रात्री जीव धोक्यात आला, त्या रात्रीचे आवाज आणि वास तो धोक्याशी जोडून ठेवतो. पुढे पत्र्यावर पावसाचा आवाज आला किंवा ‘कोयनेतून विसर्ग वाढवला’ असा मेसेज फोनवर झळकला, की आपण सुरक्षित आहोत हे कळत असूनही छाती धडधडू लागते. ताणाची रसायनं वाढली की कपाळामागच्या मेंदूचं काम ढिलं पडतं, हे येल विद्यापीठातल्या एमी आर्नस्टेन यांनी अनेक वर्षांच्या संशोधनातून दाखवलं आहे. आकडे डोक्यात धरून गणिताची पुढची पायरी करणं, व्याख्यान ऐकता ऐकता टिपणं काढणं ही कामं नेमकी याच भागाची. त्यात झोप तुटक. दिवसा शिकलेलं पक्कं व्हायला झोप लागते, तीच नसेल तर रात्रभर जागून केलेला अभ्यासही सकाळी आठवत नाही.

मग कॉलेजने करायचं काय? इथे मला एक जुना प्रयोग फार महत्त्वाचा वाटतो. 1960 च्या दशकात मार्टिन सेलिगमन आणि स्टीव्हन मायर यांनी कुत्र्यांना विजेचे झटके दिले. झटका थांबवणं ज्यांच्या हातात नव्हतं, त्यातले बहुतेक कुत्रे पुढे सुटकेची वाट मोकळी असतानाही बसून राहिले. त्यांनी हतबलता शिकून घेतली, असा तेव्हाचा निष्कर्ष होता. पुढे उंदरांवर मेंदूच्या पातळीवर काम करून मायर यांनी तो जवळजवळ उलटा केला. लांबलेल्या संकटात गळून जाणं ही मेंदूची मूळचीच प्रतिक्रिया असते; शिकावं लागतं ते ‘हे माझ्या हातात आहे’ हे. ते उमगलं की कपाळामागचा मेंदू खालच्या भयाच्या यंत्रणेला आवर घालतो.

आता आपल्या कॉलेजांकडे बघा. इंटरनलची तारीख आदल्या दिवशी नोटीस बोर्डावर लागते. तोंडीला कुणाचा नंबर कधी, ते शिपाई हाक मारेल तेव्हा कळतं. 75 टक्के हजेरी भरली नाही तर पालकांना घेऊन या, आणि पालकच पुरात गेले असतील तर त्याचाही दाखला आणा. मुलाच्या हातात काहीच उरू नये अशी ही व्यवस्था, एरवी नुसती गैरसोयीची. आघात सोसलेल्याला मात्र फार महाग पडते. उपाय साधे आहेत. सेमिस्टरच्या तारखा पहिल्याच आठवड्यात सांगून त्या पाळायच्या. सबमिशनला दोन तारखांतून एक निवडू द्यायची. सेमिनार वर्गापुढे द्यायचा की सरांच्या केबिनमध्ये, हे विद्यार्थ्याला ठरवू द्यायचं. सवलत सगळ्यांना सारखीच दिली, की ती मिळवायला कुणाला आपली कहाणी सांगत बसावं लागत नाही.

कहाणी उकरून काढू नये, हेही तितकंच महत्त्वाचं. मन मोकळं केलं की हलकं वाटतं, हा आपला लाडका समज. पण आपत्तीनंतर लगेच एका बैठकीत सगळं बोलायला लावण्याच्या पद्धतीचा अभ्यास झाला तेव्हा तिचा फायदा आढळला नाही. काहींना उलट त्रासच झाला. ‘आज पुराविषयी शिकवणार आहे, त्रास होईल’ अशी आगाऊ सूचना देण्याचंही तसंच. त्याने धास्ती वाढते, त्रास कमी होत नाही. शिक्षकाने विचारायचं ते इतकंच: ‘काय केलं तर तुला सोपं जाईल?’

त्यापुढचं काम तज्ज्ञांचं. मिरजेच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात मानसोपचार विभाग आहे. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या 14416 या क्रमांकावर केव्हाही मोफत आणि मराठीत बोलता येतं. जुलै 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने 100 किंवा जास्त विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थांना किमान एक पात्र समुपदेशक नेमायला सांगितलं आहे. नॅकच्या मूल्यांकनासाठी मेंटॉर-मेंटीच्या, म्हणजे कुठल्या शिक्षकाकडे कुठली मुलं याच्या, फायली नीटनेटक्या ठेवणारी आपली कॉलेजं हेही कागदावर करतीलच. फक्त समुपदेशकाची खोली प्राचार्यांच्या केबिनसमोर, येणाऱ्या-जाणाऱ्याच्या नजरेत ठेवू नका. ग्रंथालयाच्या मागे कुठेतरी द्या, म्हणजे मुलं तिथवर जातील तरी.