फाशांच्या मागे काय वाजावं? टेबलावरच्या खेळांतल्या पार्श्वसंगीताचा मागोवा

बडोद्यातल्या आमच्या मराठी खेळगड्यांत नवं कॅम्पेन, म्हणजे अनेक बैठकींत चालणारी एक लांब गोष्ट, सुरू व्हायच्या आधी एक चर्चा हमखास रंगते : मागे वाजवायचं काय? एकाला सिनेमाचं संगीत हवं असतं, दुसऱ्याला व्हिडिओ गेमचं, तिसरा म्हणतो काहीच नको, नुसत्या बोलण्यात जास्त मजा आहे. तिघांच्याही म्हणण्याला जुना आधार आहे. मला त्यातला एकच धागा महत्त्वाचा वाटतो. टेबलाभोवती बसून, पात्रं वठवत आणि फासे टाकत खेळायच्या ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’सारख्या या खेळात पुढच्या मिनिटाला काय होणार हे खुद्द डीएमलाही, म्हणजे गोष्ट सांगत खेळ चालवणाऱ्यालाही, माहीत नसतं, आणि खेळाच्या संगीताची सगळी अडचण तिथून सुरू होते.

‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ १९७४ साली अमेरिकेतल्या लेक जिनिव्हा या गावातून बाजारात आला. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी रचलेल्या तीन पातळ पुस्तिका, एका डब्यात घातलेल्या. खेळाचं मूळ युद्धखेळात, त्यामुळे भर नियमांवर, तक्त्यांवर, नकाशांवर. मागे काय वाजावं हे ज्याचं त्याने बघायचं. हाताशी होत्या रेकॉर्डी आणि कॅसेटी. नव्वद मिनिटांच्या कॅसेटची एक बाजू पंचेचाळीस मिनिटांची. गुहेतली चकमक तीन मिनिटांत आटोपली तरी फीत आपल्या चालीने पुढे सरकत राहणार, आणि हवा तो तुकडा शोधायचा तर बटण दाबून अंदाजाने फीत मागेपुढे करत बसायचं. तेवढ्यात टेबलावरचा ताण कधीच ओसरलेला असतो.

सीडी आली आणि नेमक्या ट्रॅकवर उडी मारता येऊ लागली. खेळ काढणाऱ्या टीएसआर कंपनीने ही सोय लगेच उचलली. नवख्यांसाठी १९९४ साली काढलेल्या ‘फर्स्ट क्वेस्ट’ या संचात पुस्तिकांबरोबर सीडी होती आणि ठरावीक प्रसंगी ठरावीक ट्रॅक लावायचा होता. कल्पना देखणी, पण तिच्यात एक गोष्ट गृहीत होती : खेळाडू ठरल्या वाटेनेच जाणार. ते कधी जातात? दरवाजा उघडायचा सोडून ते पहारेकऱ्याशी गप्पा मारत बसतात. २००३ साली मिडनाइट सिंडिकेट या जोडीने याच खेळाच्या नावाने अधिकृत अल्बम काढला, त्यात प्रसंग सांगितलेले नव्हते, वातावरणं होती. माझ्या मते तो रस्ता जास्त शहाणपणाचा.

हा पेच मात्र या खेळाआधीचा आहे. मूकपटांच्या काळात थिएटरातला पियानोवाला पडद्याकडे बघत वाजवायचा आणि दृश्य बदललं की त्यालाही बदलावं लागायचं. हंगेरीत जन्मलेल्या एर्नो रापे यांनी १९२४ साली अशा वादकांसाठी एक जाडजूड संग्रह काढला. रचना भावांनुसार लावलेल्या, आणि प्रत्येक पानाच्या समासात भावांची यादी व पानांचे आकडे छापलेले, म्हणजे वाजवता वाजवता एका हाताने नेमकं पान काढता यावं. आज डीएमच्या फोनवर ‘लढाई’, ‘जंगल’, ‘सराई’ अशा नावांच्या प्लेलिस्ट असतात, त्या मला त्या समासाच्या थेट वंशज वाटतात.

त्याहून मागे जायचं तर बडोदेकरांना लांब जायला नको. भरताचं नाट्यशास्त्र अभिनवगुप्ताच्या टीकेसह आपल्या प्राच्यविद्या मंदिराच्या गायकवाड ग्रंथमालेतून निघालं. रामकृष्ण कवींनी संपादित केलेला पहिला खंड १९२६ चा, संगीताची प्रकरणं असलेला चौथा १९६४ चा. त्यात नाटकातल्या ध्रुवागानाचे, म्हणजे प्रसंगाप्रमाणे गायच्या गीतांचे, पाच प्रकार दिले आहेत, आणि टेबलावर खेळणाऱ्याने ते एकदा तरी वाचावेत. पात्र येताना प्रावेशिकी, जाताना नैष्क्रामिकी. चाललेला रस एकदम मोडायचा असेल तर आक्षेपिकी, विस्कटलेलं मन पुन्हा निववायला प्रासादिकी. पाचवी आंतरा मला सगळ्यांत जवळची वाटते : पात्र मूर्च्छित झालं, वस्त्राभरणं सावरायची झाली, प्रयोगात खंड पडला, तर ती पोकळी झाकण्यासाठी. आमच्याकडे दर सेशनला ती वेळ येते. सगळे तलवारी परजून उभे, आणि एकाला आपला स्पेल नेमका किती फुटांपर्यंत चालतो हे पुस्तकात सापडत नसतं. पानं उलटली जात असताना मागे संथ, जड सूर चालू असेल तर प्रसंग थंड होत नाही.

संगीत सतत वाजत ठेवण्यापेक्षा ते कुठे बदलतं याला किंमत आहे, हे भरताने जितकं स्वच्छ सांगितलं तितकं मी दुसरीकडे कुठे वाचलेलं नाही.

सिनेमाचं संगीत टेबलावर फसतं ते याच कारणाने. संगीतकाराला घाव कितव्या सेकंदाला बसणार हे ठाऊक असतं, चढ तिथेच येतो. आपल्याकडे त्याच सेकंदाला कोणी तरी डी-ट्वेंटी, म्हणजे वीस बाजूंचा फासा, टाकून एक आणलेला असतो आणि घाव हुकतो. शिवाय ओळखीची धून वाजली की टेबलावर दुसऱ्याच कोणाची गोष्ट येऊन बसते. व्हिडिओ गेमच्या संगीतकारापुढे मात्र आपलाच प्रश्न होता : खेळणारा या खोलीत दोन मिनिटं थांबेल की वीस? म्हणून ते संगीत गोल फिरत पुन्हा पुन्हा सुरुवातीला येतं, जोड कळू देत नाही, चढून बसत नाही. लुकासआर्ट्स या गेम कंपनीत मायकल लँड आणि पीटर मॅक्‌कॉनेल यांनी तर आयम्यूज नावाची यंत्रणाच रचली. १९९१ पासून त्यांच्या गेममध्ये खेळाडू जागा बदलेल तसं संगीत मोड न जाणवता वळू लागलं. टेबलासाठी मी आधी इथेच शोधतो.

आपल्या रागसंगीताबद्दल बडोद्यात विचारणा होणारच. १८८६ साली मौलाबक्षांची गायनशाळा इथे सुरू झाली, १९१६ ची पहिली अखिल भारतीय संगीत परिषद इथे भरली, फैयाज खाँ इथल्या दरबारचे. त्यांच्या नोमतोम आलापीत अर्थाचे शब्द नसतात, म्हणून ती टेबलाला चालेल असं एका मित्राचं म्हणणं. मला ते पटत नाही. ते गाणं लागलं की फासे बाजूला ठेवून ऐकावं लागतं, आणि तेच योग्य आहे. रुद्रवीणेचा किंवा सुरबहारचा मंद्रातला आलाप मात्र फार छान बसतो. संध्याकाळ दाखवायची तर मारवा, मध्यरात्रीला दरबारी. खेळातली वेळ न सांगता कळते. बंदिश नको, नाट्यपद तर नकोच. शब्द आले की कान तिकडे वळतात आणि डीएमचं वाक्य वाया जातं.

लॉकडाऊनमध्ये सगळे डिस्कॉर्ड या गप्पांच्या अ‍ॅपवर गेले, तिथे बॉट, म्हणजे आपोआप चालणारे प्रोग्राम, गाणी वाजवायचे. २०२१ च्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये यूट्यूबच्या आक्षेपांनंतर ग्रूवी आणि रिदम हे दोन मोठे बॉट बंद पडले. तेव्हापासून खास टेबलासाठी केलेल्या आवाजांकडे ओढा वाढला. टेबलटॉप ऑडिओ या संकेतस्थळावर दहा-दहा मिनिटांचे तुकडे मिळतात, सिरिनस्केप या अ‍ॅपमध्ये पाऊस, गर्दी, तलवारी वेगवेगळ्या थरांत कमी-जास्त करता येतात. स्पीकर डीएमच्या शेजारी ठेवू नये, त्याच्या आवाजावरच कुरघोडी होते. आम्ही तो खेळाडूंच्या मागे कपाटावर ठेवतो, आणि फासा पडल्याचा आवाज स्पष्ट ऐकू येईल इतपतच मोठा. नवरात्रात सेशनच ठेवत नाही, कारण गरब्याच्या लाउडस्पीकरपुढे कसलीच प्लेलिस्ट टिकत नाही, आणि निम्मे खेळाडू तिकडेच असतात.

उणीव आहे ती आपल्या वाद्यांच्या, शब्दाविना, गोल फिरत राहणाऱ्या तुकड्यांची. येत्या कॅम्पेनमध्ये देवीच्या जत्रेचा प्रसंग आहे. त्याच्या प्रवेशासाठी नुसतं संबळ आणि तुणतुणं, पद न म्हणता, एका ओळखीच्या गोंधळी कुटुंबाकडून रेकॉर्ड करून घ्यायचं ठरलं आहे. लय सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकच ठेवायची, म्हणजे जोड कुठेही मारता येईल.