रिअल एल पब क्रॉल (सेंट ऑल्बन्स)

रिअल एल पब क्रॉल : एका दिवसात, बहुधा पायी, एकाच शहरातील पाच-सहा पबांमधून पिंपात मुरलेली एल (बिअरचा एक प्रकार) चाखत जाण्याची इंग्लंडमधील प्रथा. ‘क्रॉल’चा शब्दशः अर्थ रांगणे. ‘जिन क्रॉल’, ‘बिअर क्रॉल’ यांसारखे शब्दप्रयोग १९ व्या शतकाच्या उत्तरार्धात आढळतात. ‘पब क्रॉल’ हा जोडशब्द मात्र पहिल्या महायुद्धाच्या सुमारास रूढ झाला असावा. मूळ शब्दातली बेताल पिण्याची छटा अजून पुरती गेलेली नाही. रिअल एलच्या जाणकारांची भ्रमंती मात्र निराळी असते. तिथे अर्धा पाइंट (२८४ मिलि.) घेऊन चव, गढूळपणा आणि तापमान यांची तुलना चालते. या नोंदीत हर्टफर्डशरमधील सेंट ऑल्बन्स या लहान शहराच्या आधारे या प्रथेचे वर्णन केले आहे.

‘एल’ व ‘बिअर’ हे शब्द आज जवळजवळ समानार्थी वापरले जातात. मध्ययुगीन इंग्लंडमध्ये हॉप्स (कडवटपणा देणारी एका वेलीची फुले) न घातलेली ती एल आणि हॉप्स घातलेली ती बिअर, असा भेद होता. हॉप्सची बिअर १५ व्या शतकाच्या आगेमागे नेदरलँड्सकडून आली आणि पुढील तीनशे वर्षांत हा भेद हळूहळू पुसला गेला. ‘रिअल एल’ ही संज्ञा मात्र अगदी अलीकडची, १९७० च्या दशकातली आहे. पारंपरिक घटकांपासून बनलेली, ज्या पिंपातून वाढतात त्याच पिंपात दुसऱ्यांदा आंबणारी आणि बाहेरून कार्बन डायऑक्साइड न भरता वाढली जाणारी बिअर, ही तिची व्याख्या. ती रूढ केली ‘कॅम्रा’ (कॅम्पेन फॉर रिअल एल) या ग्राहक संघटनेने. १९७१ मध्ये आयर्लंडच्या पश्चिम टोकावरील डनक्विन येथे सहलीस गेलेल्या चार इंग्रज तरुणांनी ही संघटना स्थापन केली. मोठ्या कंपन्यांची गाळलेली, पाश्चरीकृत, वायूच्या दाबाने चढवलेली केग बिअर त्या काळी पबांमधून पिंपांना हुसकावून लावत होती. त्याविरुद्ध ही चळवळ होती. संघटनेचे मुख्य कार्यालय सेंट ऑल्बन्समध्येच, हॅटफील्ड रोडवर आहे.

पिंप पबच्या तळघरात उतरते तेव्हा आतले यीस्ट जिवंत असते. सर्वांत प्रचलित माप फर्किन, त्यात ९ गॅलन म्हणजे ७२ पाइंट (सु. ४१ लि.) मावतात. पिंप घडवंचीवर आडवे ठेवून त्याच्या फुगीर अंगावरच्या बुचात ‘स्पाइल’ नावाची लाकडी खुंटी ठोकतात. प्रथम सच्छिद्र, मऊ लाकडाची खुंटी बसवली जाते. तिच्यातून जादा वायू फसफसत बाहेर पडतो. फसफस ओसरली की कडक खुंटी बसवून उरलेला वायू आत कोंडतात. ही अदलाबदल नेमकी केव्हा करायची, हे घड्याळावर ठरत नाही; तळघर सांभाळणाऱ्याचा हात आणि कान त्यासाठी तयार असावा लागतो. गाळ तळाशी बसवण्यासाठी आयसिंग्लास, म्हणजे माशांच्या वाताशयापासून केलेला पदार्थ, पूर्वापार वापरतात. १९ व्या शतकात हा माल मुंबईहूनही निर्यात होत असे. तळघराचे तापमान ११ ते १३° से. राखतात. ‘कोमट बिअर’ ही परदेशी पाहुण्यांची तक्रार या तापमानामुळे असते. ती रास्त नाही, कारण याहून थंड एलमधील माल्टचा (मोड आणून वाळवलेल्या सातूचा) स्वाद जिभेला लागतच नाही.

तोटी उघडल्यावर जितकी एल बाहेर येते तितकी हवा आत शिरते. त्यामुळे पिंप साधारण तीन दिवसांत संपवावे लागते. नंतर ते आंबूस होते. ताडी ज्याने सकाळी आणि संध्याकाळी प्यायली आहे, त्याला जिवंत पेयाचा हा स्वभाव वेगळा समजावून सांगावा लागणार नाही. खप कमी असलेल्या पबांसाठी ‘कास्क ब्रीदर’ हे उपकरण निघाले. ते हवेऐवजी वातावरणीय दाबाचा कार्बन डायऑक्साइड पिंपात येऊ देते. हा वायू एलमध्ये मुरत नाही, असे समर्थकांचे म्हणणे. ‘बाहेरून वायू नाही’ या तत्त्वाचाच हा भंग आहे, असे विरोधकांचे. कॅम्राने अनेक वर्षे विरोध केला आणि २०१८ मध्ये तो सोडला. लहान पबांची अडचण पाहता ही भूमिका योग्यच म्हणावी लागेल. तळघरातून एल वर खेचणाऱ्या हातपंपाचा संबंध जोसेफ ब्रामा या इंग्रज संशोधकाच्या १७९७ च्या पेटंटशी जोडतात. उत्तर इंग्लंडात पंपाच्या तोंडाला बारीक छिद्रांची चकती लावून दाट फेस काढतात. दक्षिणेत, म्हणजे सेंट ऑल्बन्समध्येही, फेस पातळच ठेवण्याची रीत आहे.

भ्रमंती ‘दिवसभराची’ होणे हे कायद्यावर अवलंबून होते. १९१५ पासून युद्धकालीन निर्बंधांमुळे पब दुपारी बंद ठेवावे लागत. युद्ध संपले तरी दुपारची बंदी उठली नाही. इंग्लंड व वेल्समध्ये १९८८ च्या कायद्याने आठवड्याच्या दिवशी आणि १९९५ पासून रविवारीही दुपारभर पब उघडे ठेवण्याची मुभा मिळाली. त्यापूर्वीचा क्रॉल दुपार आणि संध्याकाळ अशा दोन तुकड्यांत होई.

सेंट ऑल्बन्स लंडनच्या वायव्येस सु. ३० किमी.वर असून सेंट पँक्रस स्थानकातून गाडीने सु. २० मिनिटांत पोहोचता येते. रोमनांचे व्हेरुलेमियम हे नगर, त्यावरील टेकडीवर उभा राहिलेला बेनिडिक्टाइन मठ आणि लंडनहून वायव्येकडे जाणारा हमरस्ता या तिन्हींमुळे येथे यात्रेकरूंची व प्रवाशांची वर्दळ राहिली आणि खाणावळी, सराया, पब दाट वसले. १८७७ मध्ये मठाचे चर्च कॅथीड्रल झाले व गावाला शहराचा दर्जा मिळाला.

येथील सर्वाधिक चर्चा ‘यी ओल्ड फायटिंग कॉक्स’ या पबच्या वयाची होते. मर्शिया या मध्य इंग्लंडातील जुन्या राज्याचा राजा ऑफा याने मठ स्थापन केल्याचे परंपरागत वर्ष ७९३. पबचा पाया त्याच काळातला, असा दावा केला जातो. इंग्लंडमधील सर्वांत जुना पब म्हणून गिनेसच्या विक्रमसंग्रहातही त्याची नोंद झाली होती. पडताळा अशक्य ठरल्याने तो विभागच २००० मध्ये बंद करण्यात आला. नॉटिंगहॅम येथील एक पब ११८९ सालचा आणि स्टो-ऑन-द-वोल्ड येथील एक ९४७ सालचा असल्याचे सांगतात. पुराव्याच्या दृष्टीने तेही तितकेच कच्चे. येथे तीन प्रश्न वेगळे करायला हवेत : जागा किती जुनी, इमारत किती जुनी आणि तेथे मद्यविक्री केव्हापासून. अष्टकोनी लाकडी सांगाड्याची ही इमारत मुळात मठाचा कबुतरखाना होती व १५३९ मध्ये मठ विसर्जित झाल्यावर केव्हातरी सध्याच्या जागी हलवली गेली, हे मत अधिक ग्राह्य दिसते. पब म्हणून तिचा लेखी पुरावा १८ व्या शतकाच्या मध्यापासूनच मिळतो आणि तेव्हाचे नाव ‘थ्री पिजन्स’, म्हणजे ‘तीन कबुतरे’, हेही कबुतरखान्याच्या मतास पोषक आहे. कोंबड्यांच्या झुंजींवरून पडलेले नाव नंतरचे. ‘यी ओल्ड’ (म्हणजे ‘द ओल्ड’, जुना) हे रूप तर पुरातनपणाच्या आवडीतून बरेच अलीकडे आले. त्यातील ‘य’ हा ‘थ’ ध्वनीच्या जुन्या अक्षराचा चुकीचा वाचनावशेष आहे. पबचे वय एलच्या चवीत उतरत नाही, तळघराची निगा उतरते. तरीही ठेंगण्या छताखालची ती बैठक पाहिल्याशिवाय भ्रमंती पुरी झाली असे कोणी मानत नाही.

नेहमीची वाट वर्तुळाकार असून चार-पाच किलोमीटरची आहे. स्थानकाकडून लंडन रोडने येऊन सॉपवेल लेनमधील ‘व्हाइट लायन’ आणि ‘गोट’ हे पब प्रथम लागतात. कीफील्ड टेरेसवरील ‘व्हाइट हार्ट टॅप’ त्यांच्या जवळच आहे. शेजारच्या हॉलिवेल हिलवरील व्हाइट हार्ट या सराईत १७४६ मध्ये कैद करून नेल्या जाणाऱ्या लॉर्ड लोव्हॅट या स्कॉटिश बंडखोर सरदाराचे रेखाचित्र चित्रकार विल्यम होगार्थने काढले होते. उताराने व्हर नदीकाठी उतरल्यावर फायटिंग कॉक्स. तेथून उद्यान ओलांडून सेंट मायकल्सच्या वस्तीतील ‘सिक्स बेल्स’ गाठतात; हा पब रोमन नगराच्या तटाच्या आत येतो. परतताना फिशपूल स्ट्रीटचा चढ आणि त्यावरील ‘लोअर रेड लायन’. मार्केट प्लेसमधील ‘बूट’च्या दारासमोरच्या भागात २२ मे १४५५ रोजी गुलाबांच्या युद्धांतील (इंग्लंडच्या गादीसाठी झालेल्या यादवीतील) पहिली लढाई झाली.

क्रमाचा अलिखित नियम सौम्य ते कडक असा आहे. साध्या बिटरमध्ये (नेहमीच्या कडवट एलमध्ये) मद्यार्क ३.५ ते ४.५% असतो, कडक एलने आरंभ केल्यास पुढच्या सौम्य एलची चव जिभेला समजत नाही. ४ टक्क्यांचा एक पाइंट ब्रिटिश मोजणीने मद्यार्काची सु. २.३ एकके होतो आणि आरोग्यविषयक मार्गदर्शनानुसार आठवड्याची मर्यादा १४ एकके आहे. सहा पबांतले सहा अर्धे पाइंट म्हणजे सु. ७ एकके, एका दिवसात आठवड्याचा निम्मा हिशेब संपतो. म्हणून दुपारचे जेवण आणि मध्ये पाणी पिणे वगळू नये.

लोअर डॅग्नल स्ट्रीटवरील ‘फॅरियर्स आर्म्स’ साधा, वस्तीतला पब आहे. तेथे कॅम्राच्या पहिल्या शाखेची बैठक १९७२ मध्ये भरली होती. हर्टफर्डच्या मकमलन या १८२७ पासूनच्या मद्यनिर्मात्यांची ‘एके’ ही सौम्य एल या भागात पिढ्यान्‌पिढ्या प्यायली जाते. या दोन अक्षरांच्या फोडी अनेक आहेत. कोणी त्यांत मद्यनिर्मात्याचे आद्याक्षर पाहतात, तर कोणी जुन्या फ्लेमिश शब्दाचा अपभ्रंश मानतात. पिंपांवर फुल्यांप्रमाणे (X) प्रत दाखवण्यासाठी ‘के’ची खूण करीत व तिच्या जोडीला ‘ए’ लावून सौम्य प्रकार दर्शवीत असावेत, ही उपपत्ती त्यांतल्या त्यात सयुक्तिक वाटते. १९ व्या शतकात दक्षिण इंग्लंडातील इतरही अनेक निर्माते याच नावाची एल विकत होते.