हिवाळ्यात झोपण्याच्या खोलीचा झरोका : ग्राहकांसाठी माहितीपत्रक

नोव्हेंबर लागला की ग्राहक आमच्याकडे झरोके कायमचे बंद करून मागतात आणि जानेवारीत खिडकी गळत असल्याची किंवा टिनातून पाणी टपकत असल्याची तक्रार येते. आम्ही माणूस पाठवतो, तो छपरावर चढून पाहतो, चौकट तपासतो आणि बहुतेक वेळा कुठेही गळती सापडत नाही. पाऊस पडून दोन-तीन महिने झालेले असताना काचेवर दिसणारे पाणी बाहेरून आलेले नसते. ते खोलीत झोपलेल्या माणसांच्या श्वासातून आणि अंगातून निघालेले असते.

झोपलेल्या प्रौढ माणसाच्या शरीरातून दर तासाला साधारण ४० ग्रॅम पाणी वाफेच्या रूपाने हवेत जाते. चार माणसे आठ तास एका खोलीत झोपली, तर सकाळपर्यंत सव्वा लिटरच्या आसपास पाणी त्या हवेत मिसळते. झरोक्यात बारदाना किंवा थर्माकोल कोंबलेला असेल, तर त्या वाफेला बाहेर पडायला वाट राहत नाही आणि ती खोलीतील सर्वांत गार वस्तूवर, म्हणजे काच, लोखंडी चौकट किंवा टिनाच्या छपरावर, पाणी होऊन बसते. चौकट गंजणे, रंगाचे पापुद्रे सुटणे आणि कपाटामागे काळी बुरशी धरणे हे सारे त्यातूनच होते. म्हणून आम्हाला बोलावण्यापूर्वी एवढे करून पाहावे : रात्री काच कोरडी पुसावी, झरोका चार बोटे उघडा ठेवून झोपावे आणि पहाटे काच पाहावी. ती कोरडी किंवा जवळजवळ कोरडी असेल, तर दोष खिडकीचा नाही आणि आपला व आमचा एक दिवस वाचला.

झरोका उघडा ठेवला की सारी ऊब निघून जाईल, ही भीती आम्ही समजू शकतो. २०१८ च्या डिसेंबरअखेरीस नागपुरात पारा ३.५ अंशांपर्यंत उतरला होता आणि गोंदिया-भंडाऱ्याकडचा गारठाही आपल्याला नवा नाही. परंतु खोलीची ऊब मुख्यतः हवेत नसते, ती भिंतींत आणि स्लॅबमध्ये असते. १० बाय १२ फुटांच्या, १० फूट उंचीच्या खोलीतील हवेचे वजन ४० किलोच्या आसपास भरते, तर तिच्यावरील ४ इंची स्लॅबचे वजन अडीच टनांहून अधिक असते. त्यामुळे सकाळी समोरासमोरची दारे-खिडक्या दहा मिनिटे पूर्ण उघडून हवा बदलली, तरी भिंती तशाच उबदार राहतात आणि आतली हवा थोड्याच वेळात पुन्हा ऊब धरते. याउलट एक्झॉस्ट फॅन रात्रभर चालू ठेवला, तर भिंतीही थंड पडतात, म्हणून झोपण्याच्या खोलीसाठी आम्ही तो सुचवत नाही, जरी त्याच्या विक्रीत आमचा फायदा अधिक असला तरी.

विदर्भाच्या हिवाळ्यात रात्र कितीही गार असली, तरी दुपार बहुधा उबदार असते. अकरा ते चार या वेळेत खिडक्या उघड्या ठेवून ऊन आणि कोरडी हवा आत येऊ द्यावी व सूर्य कलण्यापूर्वी त्या लावून घ्याव्यात. रात्रीसाठी छताजवळची एक लहान वाट पुरते, कारण वरून शिरलेली गार हवा खाली येईपर्यंत खोलीतील हवेत मिसळते आणि थेट अंगावर येत नाही. नवी खिडकी करण्याची गरज नाही. जुन्या झरोक्याला आम्ही सरकती पत्र्याची पट्टी बसवून देतो. झरोकाच नसेल, तर शेतातील पाइपलाइनचा उरलेला ३ इंची तुकडा बाहेरच्या बाजूला किंचित उतार देऊन भिंतीत बसवता येतो. त्याच्या तोंडाशी डासांची जाळी लावावी आणि ती दर महिन्याला झाडावी, कारण जाळी धुळीने बुजली की हवेची वाट असून नसल्यासारखीच. शक्यतो उत्तरेकडील भिंत टाळावी आणि आतल्या दाराखाली अर्धा इंच फट ठेवावी, म्हणजे हवेला निघून जायला दुसरी वाट मिळते.

आमची पट्टी पूर्ण बंद होत नाही, शेवटी बोटभर फट राहते, याबद्दल काही ग्राहक नाराजी दाखवतात. तो कामातील दोष नाही. पट्टीला शेवटपर्यंत सरकू न देणारे अडकण आम्ही मुद्दाम ठेवतो आणि मागणी केली तरी काढून देत नाही. झरोका सिमेंटने बुजवण्याचे कामही आम्ही घेत नाही.

मात्र ही फट शेगडीसाठी पुरेशी नाही. कोळशाची किंवा लाकडाची धग खोलीत ठेवून कधीही झोपू नये, झरोका उघडा असला तरीही. तिच्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, आणि झोपेतील माणसाला तो जाग येऊ देत नाही. खोली शेकायचीच असेल तर सारे जागे असताना, दार उघडे ठेवून शेकावी आणि निजण्यापूर्वी शेगडी अंगणात नेऊन ठेवावी.

पट्टीसाठी येताना झरोक्याची आतल्या बाजूची लांबी, उंची आणि भिंतीची जाडी इंचांत मोजून आणावी. लोखंडी गज असतील तर तेही सांगावे, कारण गजांच्या आतून बसणारी पट्टी वेगळी कापावी लागते. दसऱ्याच्या सुमारास माप दिल्यास कापूस वेचणीच्या धावपळीपूर्वी काम करून देता येते.